फोल्डस्कोप आणि दहा पटींचं भिंग: बडोद्यात बायॉलॉजी शिकणाऱ्यांनी काय घ्यावं आणि कशासाठी

बी.एस्सी.ला झूलॉजी, बॉटनी किंवा लाइफ सायन्सेसला प्रवेश झाला की बडोद्यातल्या घराघरात एकच प्रश्न येतो: मुलीला किंवा मुलाला स्वतःचा मायक्रोस्कोप घेऊन द्यायचा का? कंपाउंड मायक्रोस्कोप घेऊ नका, हे आधीच सांगून टाकतो. तो कॉलेजच्या लॅबमध्ये आहे आणि घरी आणलेला स्वस्त नमुना त्याच्या जवळपासही जात नाही. पण विषयात फील्ड कोर्स असेल, म्हणजे महिन्यातून एकदा तरी कमाटीबाग, आजवा किंवा वढवाणा तलाव असं काही असेल, तर दोन वस्तू घेण्यासारख्या आहेत. एक दहा पटींचं घडीचं भिंग आणि दुसरा फोल्डस्कोप. भिंग प्रत्येकाने घ्यावं. फोल्डस्कोप चौघांत एक पुरतो.

फोल्डस्कोप म्हणजे घडी घालून तयार होणारा कागदी मायक्रोस्कोप. स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश आणि जिम सिबुल्स्की यांनी तो बनवला. मनू प्रकाश मूळचे मेरठचे, आयआयटी कानपूरला शिकलेले. 2014 मध्ये त्यांचा शोधनिबंध आला, आणि पुढे भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानेही शाळा-कॉलेजांत तो पोचवण्याचा उपक्रम केला. त्या शोधनिबंधात 2,000 पटींहून जास्त मोठं दाखवण्याची गोष्ट आहे. बरेच जण तेवढंच वाचून खरेदी करतात आणि मग हिरमुसतात. विद्यार्थ्यांच्या हाती येणारा नेहमीचा संच 140 पटींचा असतो. घ्यायचा तो 140 चं काम करायला घ्या.

140 पटी म्हणजे किती, हे लॅबच्या मायक्रोस्कोपशी लावून बघा. तिथे आयपीस 10 चा आणि ऑब्जेक्टिव्ह 4, 10, 40 असे, म्हणजे 40, 100 आणि 400 पटी. फोल्डस्कोप 100 च्या थोडा पुढे जातो आणि 400 च्या बराच मागे राहतो. कांद्याच्या पापुद्र्याच्या पेशी, आयोडीन दिलं असेल तर केंद्रकासह, पानांची पर्णरंध्रं, स्पायरोगायरातली हरितलवकाची फिरकी, जास्वंदीचे काटेरी परागकण, पाण्यातले पॅरामिशियम आणि रोटिफर हे सूक्ष्म जीव, हे सगळं छान दिसतं. कांद्याच्या मुळाच्या टोकातली सूत्री विभाजनाची प्रॅक्टिकल मात्र त्यावर करू नका. गुणसूत्रं काड्यांसारखी वेगळी दिसायला 400 लागतात आणि मेटाफेज, म्हणजे गुणसूत्रं मध्यावर रांगेत येतात तो टप्पा, नीट वाचायला बहुतेक वेळा ऑइल इमर्शनच, म्हणजे तेलाचा थेंब घालून वापरायचा ऑब्जेक्टिव्हच लागतो. बॅक्टेरियाचा तर प्रश्नच येत नाही. एक-दोन मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वस्तू त्याच्या आवाक्याबाहेर आहे. फोनवर चिमटीने चित्र मोठं केलं म्हणजे तपशील वाढत नाही, फक्त ठिपके मोठे होतात.

कमी पटींच्या बाजूलाही त्याची एक अडचण आहे, आणि ती कोणी सांगत नाही. नीट स्पष्ट दिसणारा भाग एक मिलिमीटरही भरत नाही. सूर्यफुलाच्या खोडाचा आडवा छेद तीन-चार मिलिमीटरचा असतो. जर्नलमध्ये, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीत, त्याची पूर्ण रूपरेषा काढायची असते: बाह्यत्वचा, अधस्त्वचा, वर्तुळात मांडलेले संवहनी पूल, मधला भेंड. फोल्डस्कोपमध्ये एका वेळी एखादाच पूल दिसतो आणि छेद कुठून कुठे चाललाय ते समजत नाही. त्यासाठी लॅबमधला 4 चा ऑब्जेक्टिव्हच हवा. म्हणून वर्गातल्या प्रॅक्टिकलला फोल्डस्कोप घेऊन बसण्यात अर्थ नाही. जुना, दांडा थोडा सैल झालेला लॅबचा मायक्रोस्कोपही तिथे त्याच्यावर मात करतो.

आत काय आहे आणि बिघडतं कुठे

फोल्डस्कोपच्या तक्रारी बहुतेक एकाच गोष्टीतून निघतात, आणि ती गोष्ट कळली की यंत्र वश होतं. त्यात एकच भिंग आहे: काचेचा बारीक गोळा. शोधनिबंधातल्या 140 पटींच्या रचनेत हा गोळा बोरोसिलिकेट काचेचा आणि सुमारे 2.4 मिलिमीटर व्यासाचा आहे. अशा गोळ्याचं नाभीय अंतर साधारण पावणेदोन मिलिमीटर येतं, पण ते गोळ्याच्या मध्यापासून मोजतात. गोळ्याची त्रिज्या वजा केली की काचेच्या पुढच्या पृष्ठापासून नमुन्यापर्यंत उरतो जेमतेम अर्धा मिलिमीटर. सगळी कसरत या अर्ध्या मिलिमीटरची आहे.

काचेची स्लाइड साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून थोडी जाड असते. ती उलटी घातली, म्हणजे नमुना लेन्सपासून लांबच्या बाजूला गेला, तर कितीही सरकवा, फोकस मिळणारच नाही. कव्हरस्लिप नेहमी लेन्सच्या बाजूला हवी. नव्या मुलांपैकी बहुतेकांचं पहिलं अपयश हेच असतं आणि ते लेन्सला दोष देतात.

दुसरं, पाणी. लॅबच्या सवयीने मोठा थेंब टाकला की कव्हरस्लिप तरंगते, पाणी कडेने बाहेर येतं, कागद आणि स्लाइडच्या फटीत शिरतं आणि गोळ्याला लागतं. मग सगळं धुरकट. ड्रॉपरने लहानसा एकच थेंब टाका, 18 मिलिमीटरच्या चौकोनी कव्हरस्लिपखाली तो कडेपर्यंत पसरून थांबेल इतपत. जास्त झाला तर फिल्टर पेपरचा तुकडा कडेला टेकवून ओढून घ्या. कव्हरस्लिप न लावता ओला नमुना कधीही घालू नका.

तिसरं, कापूस. पॅरामिशियम पळतं म्हणून कापसाचे तंतू टाकतात. उपाय बरोबर आहे, पण बोळा टाकला तर कव्हरस्लिप उचलली जाते आणि प्राणी खालच्या थरात, अर्ध्या मिलिमीटरच्या पलीकडे जातो. तीन-चार तंतू सुटे करून आडवेतिडवे टाका, तेवढे पुरतात.

फोकस करताना दोन्ही अंगठ्यांनी पट्टी अगदी थोडी ढकलायची किंवा ओढायची असते, आणि बोटं जरा जोरात दाबली तरी कागद वाकून फोकस निसटतो. कोपरे टेबलावर किंवा गुडघ्यावर टेकवा. डोळा लेन्सच्या अगदी जवळ न्यावा लागतो. पापणी टेकली की तिचं तेल काचेला लागतं, म्हणून दर तीन-चार नमुन्यांनंतर लेन्स क्लीनिंगच्या मऊ कागदाने हलकेच पुसा. रुमालाने नको. चष्मा काढून बघितलं तरी चालतं, नंबराचा फरक फोकसमध्येच निघून जातो. सिलिंड्रिकल नंबर मोठा असेल तर मात्र फोन लावणं बरं.

चित्राच्या कडा पुसट दिसतात. तो बिघाड नाही, गोळ्याच्या आकाराचा गुण आहे. जे बघायचं ते मधल्या भागात आणा. इथे एक सुखद फरकही आहे. कंपाउंड मायक्रोस्कोपमध्ये प्रतिमा उलटी असते, स्लाइड डावीकडे सरकवली की चित्र उजवीकडे पळतं. डोळ्याने थेट बघताना फोल्डस्कोपमध्ये ती सुलटी दिसते. पहिल्या वर्षाच्या मुलांना पॅरामिशियमचा पाठलाग इथे जास्त सोपा जातो. एकाच भिंगातून बघणं हीच मुळात जुनी पद्धत. सतराव्या शतकात लेवेनहूकने सूक्ष्म जीव पहिल्यांदा बघितले ते अशाच एका भिंगातून.

उजेडाबद्दल अगदी स्पष्ट सांगायला हवं: सूर्याकडे धरून कधीही बघू नका. उघड्या आभाळाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे धरा. फोनची टॉर्च वापरायची तर तिच्यावर टिश्यूचा एक पदर ठेवा, नाहीतर मध्ये चकाकी येते आणि पारदर्शक प्राणी त्यात हरवून जातात.

फोन लावायचा तर केस काढा आणि चुंबकाची कडी मुख्य कॅमेऱ्याच्या बरोबर मध्यावर चिकटवा. हल्लीच्या तीन-तीन कॅमेऱ्यांच्या फोनमध्ये झूम वाढवलं की फोन आपोआप दुसऱ्या कॅमेऱ्यावर जातो आणि पडदा काळा पडतो. झूम 1 वर ठेवा, मॅक्रो बंद करा आणि पडद्यावर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करा. मग फोकसचं काम फोनकडून काढून घेऊन कागदाच्या पट्टीनेच करा.

फील्डवर तो कुठे कमाल करतो

नमुना जिवंत असताना, जिथे सापडला तिथेच बघणं, हे काम फोल्डस्कोपसारखं दुसरं काही करत नाही. बाटलीत भरून कॉलेजला नेलेलं तळ्याचं पाणी दुपारपर्यंत गरम होतं, प्राणवायू कमी होतो, रोटिफर आखडून बसतात. तळ्याच्या कडेला पाच मिनिटांत बघितलेला रोटिफर डोक्यावरची केसाळ चक्रं फिरवत खात असतो. व्हायव्हाला उत्तर पाठ करून देणारं मूल आणि ते बघितलेलं मूल, यांतला फरक परीक्षकाला लगेच कळतो.

बडोद्यासाठी पाण्याचा पहिला नियम: विश्वामित्रीच्या काठावर नमुना घ्यायला उतरू नका. नदीत मगरी आहेत, शहराच्या मधोमध आहेत, आणि 2024 च्या ऑगस्टमधल्या पुरात त्या वस्तीपर्यंत आल्या होत्या. काठ कितीही शांत दिसला तरी नाही. कमाटीबागेतून नदी जाते, म्हणून हे पुन्हा सांगणं भाग आहे. हिरवं पाणी घराच्या गच्चीवरच्या कुंडीच्या ताटलीत, पक्ष्यांसाठी ठेवलेल्या मातीच्या भांड्यात, गळक्या नळाखालच्या डबक्यात भरपूर मिळतं, आणि कितीदा तरी तळ्यातल्यापेक्षा जास्त जीव त्यात असतात.

पावसाळा हा या यंत्राचा खरा मोसम. जुलै ते सप्टेंबर रावपुऱ्यातल्या, वाडीतल्या जुन्या वाड्यांच्या विटांवर शेवाळ आणि मॉस चढतं. हाताच्या नखाएवढा मॉसचा तुकडा बशीत, नळाचं नाही तर साठवलेल्या पावसाच्या पाण्यात, रात्रभर भिजत ठेवा. सकाळी पिळून खाली बसलेला गाळ ड्रॉपरने घ्या. त्यात नेमाटोड, रोटिफर आणि नशीब असेल तर आठ पायांचे टार्डिग्रेड सापडतात. टार्डिग्रेड बहुतेक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान असतात, 140 पटींत पुरते मावतात आणि अस्वलासारखे चालताना दिसतात. पाच-सहा थेंब तपासल्याशिवाय नाही म्हणू नका.

जमिनीवर पावसात दिसणारे हिरवट जेलीचे गोळे, म्हणजे नॉस्टॉक, टाचणीच्या टोकाने जरासे घेऊन स्लाइडवर चांगले दाबून पसरा. मण्यांच्या माळा दिसतात. त्यातला मधूनच येणारा मोठा, फिका मणी म्हणजे हेटेरोसिस्ट, हवेतला नायट्रोजन पकडणारी पेशी. दिसतो, पण अस्पष्ट. इथे यंत्राची हद्द येते आणि तो नमुना छोट्या बाटलीत घालून लॅबच्या 400 खाली न्यावा.

जुन्या विहिरीच्या, वावेच्या (पायऱ्यांच्या विहिरीच्या) भिंतीवर हंसराजासारखे नेचे असतात. कठड्यावरून वाकू नका, हाताला सहज येईल तेवढंच पान घ्या. पानाच्या मागच्या तपकिरी पुंजक्यातले थोडे बीजाणुधानीचे (बीजाणूंच्या पिशव्यांचे) गोळे कोरड्या स्लाइडवर झटका, कव्हरस्लिप न लावता घाला. कोरडा नमुना आहे, इथे चालतं. हवेने वाळता वाळता बीजाणुधानीचं कडं मागे वळतं आणि एकदम झटक्याने बंद होऊन बीजाणू उडवतं. पुस्तकातली आकृती ही हालचाल सांगू शकत नाही. हा एक प्रयोग करण्यासाठीही फोल्डस्कोप घ्यावा, असं मनापासून वाटतं.

कमाटीबागेत पानं-फुलं तोडू नका. गळलेली फुलं पुरेशी मिळतात. 1879 मध्ये सयाजीराव महाराजांनी केलेली ही बाग एकशे तेरा एकरांची आहे, एका सकाळच्या फील्डला तिचा एक कोपरा पुरतो. परागकणांसाठी पारदर्शक चिकटपट्टी परागकोशावर टेकवा आणि तीच पट्टी स्लाइडवर लावा. जास्वंदीचा परागकण एवढा मोठा आणि काटेरी की तो पहिला बघावा. मग एकदांडीचा, लहान पण तसाच काटेरी. पर्णरंध्रांसाठी पान तोडायची गरजच नाही. पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर लावा, दहा मिनिटं पूर्ण वाळू द्या, वर चिकटपट्टी दाबून सोलून काढा आणि स्लाइडवर लावा. अर्धवट वाळलेला थर काढला तर फक्त ताणलेल्या रेघा मिळतात. लव असलेल्या पानावर हा उपाय चालत नाही.

मध्येच पाऊस आलाच तर बागेतल्याच म्युझियममध्ये शिरा. प्राणिविभागात नीलदेवमाशाचा सुमारे 72 फुटांचा सांगाडा आहे. सकाळी पेशी बघून दुपारी त्याच्या पुढच्या पंखातली हाडं मोजली आणि आपल्या हाताशी लावली, की समजातता (होमॉलॉजी, म्हणजे वेगवेगळ्या प्राण्यांत एकाच मूळ रचनेचे अवयव) नावाचा धडा निम्मा झाला.

हिवाळ्यात डभोईजवळच्या वढवाण्याला फील्ड ट्रिप असते. 1910 मध्ये बडोदा संस्थानाने सिंचनासाठी बांधलेला हा तलाव 2021 मध्ये रामसर स्थळ झाला. तिथे खरं काम 8×42 च्या दुर्बिणीचं आणि नोंदवहीचं, फोल्डस्कोप दुय्यम. पण बदकं आणि हंस काय खातात हा प्रश्न पाण्यातच सुटतो. पाणी किंवा वनस्पती घ्यायची तर कॉलेजमार्फत वनखात्याची परवानगी आधी घ्या. परवानगी असेल तर दहा लिटर पाणी प्लँक्टन नेटमधून (पाण्यातले सूक्ष्म जीव गाळणाऱ्या बारीक जाळीतून) ओतून 50 मिलिलिटरवर आणा आणि त्यातला एक थेंब बघा. किती लिटरचे किती मिलिलिटर केले हे तिथेच लिहा. कॉलेजला आल्यावर आठवत नाही आणि मग मोजणी वाया जाते.

उन्हाळ्यात, एप्रिल-मे मध्ये, पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि ओली स्लाइड काही मिनिटांत वाळते. कव्हरस्लिपच्या चारही कडांना टूथपिकने व्हॅसलिनची बारीक रेघ द्या. ती कव्हरस्लिपच्या वर आली तर लेन्सला लागेल, म्हणून हात आवरता ठेवा.

भिंग

दहा पटींच्या भिंगाबद्दल थोडंच सांगायचं आहे, कारण ते निमूटपणे काम करतं. त्याचं नाभीय अंतर अडीच सेंटिमीटर. भिंग डोळ्याजवळ धरायचं आणि फूल भिंगाकडे आणायचं. हात लांब करून चित्रपटातल्या गुप्तहेरासारखं धरलं तर चिमुकलं वर्तुळ दिसतं, बाकी काही नाही. गवताच्या कणसातली फुलं, एकदांडीतली कडेची आणि मधली फुलं, रुईच्या फुलातले पिवळे परागपुंज, किड्याचं तोंड, हे सगळं यात होतं. वर्गीकरणाच्या किल्लीतले, म्हणजे जात ओळखायला एकामागून एक विचारलेले, निम्मे प्रश्न भिंगानेच सुटतात, आणि म्हणून बजेट एकाच वस्तूचं असेल तर फोल्डस्कोप सोडा, भिंग घ्या. वीस, तीस पटींची भिंगं मोहात पाडतात, पण त्यात दिसणारा भाग इतका लहान आणि अंतर इतकं कमी की वाऱ्यात हलणाऱ्या फुलावर ती निकामी ठरतात.

जर्नल, मापं आणि ठेवण

फोटो काढला म्हणजे जर्नल झालं असं नाही. बहुतेक कॉलेजांत पेन्सिलची आकृती, उजवीकडे नावं, खाली शीर्षक आणि किती पटी, असंच लागतं. फोटोचा उपयोग आकृती काढताना पुन्हा बघायला आणि मापाला. मापासाठी लॅबमधून एकदाच स्टेज मायक्रोमीटर मागून घ्या; त्यावर एक मिलिमीटरचे शंभर भाग असतात, प्रत्येक 10 मायक्रॉनचा. त्याचा फोटो त्याच फोनने, त्याच झूमवर, फोल्डस्कोपमधून काढून ठेवा. पुढे त्याच सेटिंगवर काढलेल्या कुठल्याही फोटोतली पेशी त्या रेघांशी लावून मोजता येते. फोन बदलला की हा फोटो पुन्हा काढावा लागतो, ही गोष्ट सबमिशनच्या आदल्या रात्री लक्षात येऊ नये.

संचाबरोबर कागदी स्लाइड आणि चिकटे येतात; ते कोरड्या नमुन्यांना ठेवा. ओल्यासाठी सायंटिफिक सामानाच्या दुकानातून काचेच्या स्लाइडचा 50 चा डबा आणि कव्हरस्लिपची एक डबी घ्या, ते वर्षभर पुरतात. फील्डच्या पिशवीत एवढंच असू द्या: दहा स्लाइड, कव्हरस्लिपची डबी, दोन ड्रॉपर, लहान चिमटा, टाचणी, फिल्टर पेपर, टिश्यू, चिकटपट्टी, आयोडीनची छोटी बाटली, आणि वापरलेल्या कव्हरस्लिप टाकायला झाकणाचा डबा. तुटलेली कव्हरस्लिप गवतात टाकली तर ती अनवाणी पायात जाते किंवा गाय चरताना तिच्या तोंडात.

कागद पाण्याला दाद देत नाही, पण घड्यांच्या फटीत चिखल बसला की पट्टी सरकायची थांबते. घरी आल्यावर ओल्या फडक्याने पुसून उघडा वाळू द्या, मग सिलिका जेलच्या पुडीबरोबर हवाबंद डब्यात ठेवा. बडोद्याच्या ऑगस्टमध्ये काचेवर बुरशी चढायला फार दिवस लागत नाहीत, आणि बुरशीने खाल्लेली लेन्स पुसून नीट होत नाही. पुडीतले दाणे रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा वापरा.